पाकिटावरची वहिनी

माझं तोंड बाजारात विकत मिळतं. अर्ध्या किलोत मिळतं, किलोत मिळतं, आणि हॉटेलवाल्यांना हवं असेल तर मोठ्या पिशवीतही मिळतं. कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाकिटावर ओल्या हाताने कपाळावरचे केस मागे सारत हसणारी जी बाई आहे, ती मी. पावडरीचं नावही ‘वहिनी’च आहे. माझा दीर मला वहिनी म्हणायचा, त्याचं ऐकून शेजारपाजार वहिनी म्हणायला लागला, आणि माझ्या नवऱ्याला त्याहून बरं नाव सुचलं नाही.

फोटोत मी गोड हसले आहे असं लोक म्हणतात. ते हसू गिऱ्हाइकांसाठी नव्हतंच. नवऱ्याने आधीचे सगळे फोटो कॅमेऱ्याचं झाकण न काढताच घेतले होते, आणि हे मी दाखवून दिल्यावर त्याने जे तोंड केलं ते बघून मला हसू फुटलं. तेवढ्यात झाकण काढून त्याने बटण दाबलं. आमच्या दोघांतलं ते हसू आता पावडरीवर आहे, आणि त्याच्या जिवावर दीर गब्बर झाला आहे.

मोठ्या दुकानात गेले की मी पावडरींच्या फळीपाशी उगाच रेंगाळायची. लोक माल कसा निवडतात हे मी जितकं पाहिलंय तितकं दुकानाच्या मॅनेजरनेही पाहिलं नसेल. आधी हात स्वस्ताकडे जातो. मग शेजारच्या पाकिटावरचं हिरवं पान दिसतं आणि हात थबकतो. नद्या, मासे, नातवंडं, असलं काहीतरी मनात येऊन जात असावं. मग नजर माझ्या तोंडावर येते. ही बाई खोटं बोलणार नाही असं त्यांना वाटतं, कशावरून ते देव जाणे. पाकीट टोपलीत पडतं. मागची बाजू कुणीही बघत नाही. एका गृहस्थांनी तर पान बघून मोठ्या समाधानाने पाकीट घेतलं आणि गल्ल्यावर ते एकात एक अशा दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून मागितलं.

हे पान कुठून आलं ते सांगते, म्हणजे माझा राग कळेल.

आम्ही पावडर करायला लागलो तेव्हा घरामागच्या खोलीत करायचो. करायला नवरा आणि मी, विकायला दीर. कशाची करायचो ते सांगणार नाही, तेवढं एक गुपित माझ्याकडे उरलंय. पण तिच्यात मीठ नव्हतं. स्वस्त पावडरीत वजन भरायला मीठ घालतात, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं आणि धंद्याबाहेर फारसं कुणाला नसतं. कपड्यांचं त्याने काही बिघडत नाही. झाडांचं बिघडतं.

आमची एक पद्धत होती. नवीन माल तयार झाला की त्यातली मूठभर पावडर घेऊन घरातले कपडे धुवायचे आणि ते पाणी भिंतीलगतच्या कुंड्यांना घालायचं. काही दिवस तेच पाणी. पानं टवटवीत राहिली तर माल बाहेर जाणार. कुठे एका पानाची कड जरी करपली तरी सगळा माल मोडून पुन्हा करायचा. याला आम्ही झाडांना विचारणं म्हणायचो. दीर दारात उभा राहून कुरकुरायचा की दुकानदार ताटकळलेत, आणि नवरा शांतपणे म्हणायचा की झाडांनी अजून सांगितलं नाही. त्याच भरवशावर त्याने पाकिटाच्या मागे एक ओळ छापून घेतली: ‘धुणं झाल्यावर उरलेलं पाणी झाडांना घाला.’ या ओळीचं त्याला फार कौतुक होतं. आल्यागेल्याला पाकीट उलटं करून दाखवायचा.

एका दुपारी बाजारातून परत येताना तो जिन्यात दम खायला बसला तो उठलाच नाही. धंदा दोघा भावांचा होता. वर्ष उलटायच्या आत तो एकाचा झाला. कसा झाला ते सांगत बसले तर माझंच डोकं फिरेल, आणि तसल्या गोष्टी घरोघरी सारख्याच असतात. ‘वहिनी, तुम्ही आता आराम करा’ हे वाक्य इतक्या प्रेमाने म्हटलं जाऊ शकतं हे मला तेव्हा कळलं. मी आराम करायला लागले, म्हणजे एका लाँड्रीत इस्त्री करायला लागले.

दिराने गावाबाहेर शेड बांधली. घरामागच्या खोलीचं गोदाम केलं, आणि टेम्पो मागे घ्यायला अडचण होते म्हणून भिंतीलगतच्या सगळ्या कुंड्या उचलून टाकल्या. मी सामान न्यायला गेले तेव्हा फुटक्या कुंड्यांच्या खापरांवरून टेम्पो जात होता. त्या दिवशी मी त्याला मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

मग पाकिटावर पान आलं. गोल शिक्क्यात हिरवं पान, भोवती मुंगीएवढी अक्षरं. एखाद्या मोठ्या कचेरीने तपासून दिल्यासारखं दिसायचं. मी विचारलं की भाऊजी, हे दिलं कुणी? ते म्हणाले, कुणी द्यायला कशाला हवं, आपणच दिलं. छापखान्यातल्या माणसाने अशी बरीच पानं दाखवली होती, त्यातलं सगळ्यात टवटवीत त्यांनी निवडलं.

इथपर्यंत मी गिळलं. माणूस पुष्कळ गिळतो. पण एक दिवस औषधांच्या दुकानात रांगेत उभी असताना एका बाईने माझा दंड धरला. शाळेत शिकवणारी असावी, कारण बोटांना खडू लागलेला होता आणि आवाज मागच्या बाकापर्यंत जाणारा होता.

“तुम्हीच ना त्या पाकिटावरच्या?”

मी हो म्हटलं. लोक विचारतात तेव्हा बहुतेक वेळा हसून पुढे जातात. ही हसली नाही.

तिने सांगितलं की पाकिटावर लिहिलंय म्हणून तिने महिनाभर धुण्याचं पाणी गच्चीतल्या झाडांना घातलं. आधी पानांच्या कडा करपल्या, मग पानं गळली, आणि आता गच्चीत नुसत्या काड्या उभ्या आहेत. करपलेल्या कडा म्हणजे मीठ, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी म्हणाले की कारखाना माझा नाही, दिराचा आहे, आत काय भरतात ते मला कुणी विचारत नाही.

“मग तोंड कशाला दिलंत?” तिने विचारलं.

रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. औषध न घेताच मी बाहेर पडले, आणि घरी न जाता तशीच दिराच्या कारखान्यात गेले.

शेडच्या पुढे त्याने काचेचं ऑफिस केलं होतं. पांढऱ्या फरशीवर पावलं उमटतील अशी स्वच्छता, आणि भिंतीवर माझा माणसाएवढा फोटो. स्वतःच्या नाकपुड्या एवढ्या मोठ्या बघण्याची वेळ कुणावर येऊ नये. दिराने उठून खुर्ची दिली, चहा मागवला. तो मानपान कधी चुकवत नाही, हे मी कबूल करते. मी चहाला हात न लावता म्हणाले की भाऊजी, पाकिटावरून माझा फोटो काढा, मला दुसरं काही नको. खरंच नको होतं. त्या दिवशी त्यांनी हो म्हटलं असतं तर मी परत फिरले असते आणि पुढचं काही घडलं नसतं.

ते हसले. लहान मुलाची समजूत काढतात तसं पुढे वाकून म्हणाले, “वहिनी, लोक वाचत नाहीत, बघतात. पान बघतात आणि तुम्हाला बघतात. तुम्हाला काढलं तर माल फळीवर पडून राहील.”

मी म्हणाले, आणि कुणी मागची ओळ वाचली तर?

“कसली ओळ?”

मला वाटलं ते वेड पांघरताहेत. मग त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं, की या माणसाला खरंच माहीत नाही. पावडर बदलली, कारखाना बदलला, पुढे पान चिकटवलं, पण स्वतःचं पाकीट त्यांनी कधी उलटं करून पाहिलंच नव्हतं. मागची बाजू जुनी होती तशी छापखान्यात छापली जात होती. माझ्या नवऱ्याची ओळ, मिठाच्या पावडरीवर. लोक वाचत नाहीत हे दिराला इतकं पक्कं ठाऊक होतं, की तोही वाचत नव्हता.

ओळ कुठली ते माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं. चहा थंड झाला होता, तरी इतका गोड चहा मी बऱ्याच दिवसांत प्यायले नव्हते.

कप खाली ठेवून मी म्हणाले की भाऊजी, तुमचं बरोबर आहे, मीच उगाच तिरमिरीत आले. आणि लोकांना मला बघायचंच असेल तर मी मोठ्या दुकानात फळीपाशी उभी राहते की. पाकिटावरची वहिनी समोर उभी म्हटल्यावर लोक दोन पाकिटं जास्त घेतील. दिराचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांनी घर जोडल्यासारखं वाटतंय, असं ते म्हणाले. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी स्वतःच्या खर्चाने मला टेबल दिलं, फलक दिला, हिरवं एप्रन शिवून दिलं. स्वतःची कबर खणायला हौसेने फावडं आणून देणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मी दुकानात उभी राहू लागले. लोक आधी पाकिटाकडे बघायचे, मग माझ्याकडे, मग पुन्हा पाकिटाकडे. “अय्या, या तर खऱ्याच आहेत” असं एक बाई आपल्या नणंदेला म्हणाली, जशी काही मी छापून तयार झाले होते. मी सगळ्यांना तेच विचारायची. पान बघून घेताय ना? चांगलं करताय. मग मागची ओळही वाचा. मी पाकीट उलटं करून त्यांच्या हातात द्यायची आणि बोट ठेवून वाचायला लावायची. मी स्वतःचा एक शब्द घातला नाही. पावडर चांगली आहे असं म्हटलं नाही, वाईट आहे असंही म्हटलं नाही. फक्त पाकीट वाचून दाखवलं.

एक मात्र मी प्रत्येकाला सांगायची, की एकाच कुंडीला घाला. आमची पद्धतच तशी होती. मला गावभरच्या बागा जाळायच्या नव्हत्या. मला घराघरात एकेक साक्षीदार उभा करायचा होता, जो खोटं बोलत नाही आणि ज्याला कुणी विकत घेऊ शकत नाही.

लोकांना ते इतकं आवडलं की मलाच नवल वाटलं. धुण्याचं पाणी मोरीत जायचं, ते आता कामाला येणार म्हणून बायका खूश झाल्या. एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला. पान बघून पाकीट घेणारे आता ओळ वाचून घेऊ लागले. मला वाटायचं तेवढे लोक काही आळशी नव्हते, त्यांना वाचायला कुणी सांगितलंच नव्हतं. खप वाढला. दीर रोज फोन करून म्हणायचा, वहिनी, तुम्ही सोन्याच्या आहात. मी म्हणायची, भाऊजी, अजून थोडं थांबा.

तो एकदा स्वतः दुकानात आला, माझा पराक्रम बघायला. नेमके त्याच वेळी घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे माझ्यासमोर उभे होते. जन्मभर बारीक काम करून डोळे गेलेले, जाड भिंगांच्या चष्म्यातूनही त्यांना पाकिटावरचं काही दिसत नव्हतं. मी ओळ वाचून दाखवली. ते विचारात पडले. त्यांच्याकडे एकच झाड होतं, पिंपात लावलेलं लिंबाचं. बायकोने लावलेलं. ती गेल्यापासून ते रोज सकाळी त्याच्या पानांवरून हात फिरवतात, दिसत नाही म्हणून.

“घालू ना पाणी त्याला?” त्यांनी विचारलं. “एकच आहे म्हणून विचारतो.”

मी नको म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मागून दीर म्हणाला, “घाला, घाला, आजोबा. बिनधास्त घाला. घरचीच पावडर आहे.”

आणि मी गप्प बसले. म्हाताऱ्यांनी आवाजाच्या दिशेने मान हलवली, पाकीट छातीशी धरलं आणि हळूहळू चालत गेले. त्यांच्या मागे जाऊन त्यांना थांबवणं अवघड नव्हतं. पण दीर शेजारी उभा होता, तोंडभर हसत, आणि मला तो आणखी वर चढायला हवा होता, म्हणजे आपटला की चांगला आपटेल. लिंबाचं झाड मी त्याच्या नावावर टाकलं. तरी त्यातलं थोडं माझ्याकडे उरलंच.

मीठ हळूहळू काम करतं. बरेच दिवस काही झालं नाही. मग एक दिवस एक बाई कुंडी घेऊन आली. शोभेचं झाड होतं, पानांच्या कडा विडीने जाळल्यासारख्या तपकिरी. दुसऱ्या दिवशी आणखी तिघीजणी आल्या. आठवडा संपेपर्यंत माझ्या टेबलाखाली, फळीखाली, गल्ल्यापाशी मेलेल्या झाडांच्या कुंड्या झाल्या. मॅनेजर घाम पुसत फिरत होता.

आणि इथे माझा हिशेब चुकला. मला वाटलं होतं की लोक दिराच्या नावाने बोटं मोडतील. पण दीर कुणाला ठाऊक होता? सगळा राग आला तो माझ्यावर. एका बाईने पाकीट माझ्यासमोर आपटलं आणि म्हणाली, तुमच्या तोंडाकडे बघून घेतलं होतं. एक पुरुष म्हणाला, एवढं हसून लोकांना फसवता, लाज नाही वाटत? शिव्या द्यायलाही समोर तोंड लागतं, आणि पाकिटावर तोंड माझंच होतं. दिराने मला तिथे का ठेवलं होतं हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळलं. माल विकायला ठेवलं होतंच, मार खायलाही ठेवलं होतं. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला.

त्या गर्दीत ती खडूवाली बाईही आली. मला एप्रनमध्ये बघून तिचा चेहरा असा झाला की मी आधीच हात जोडले. तिला बाजूला नेऊन मी सगळं सांगितलं, नवरा, कुंड्या, मीठ, ओळ, आणि मी इथे का उभी आहे तेही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग चष्मा कपाळावर चढवून पाकीट डोळ्यांजवळ नेलं आणि पानाभोवतीची ती मुंगीएवढी अक्षरं वाचली. पान कुणी दिलं, कधी तपासलं, असं काहीतरी तिथे असेल असं मलाही इतके दिवस वाटत होतं. तिथे लिहिलं होतं, ‘आपलं पाकीट, आपला विश्वास’.

“तुम्ही या लोकांशी वाईट वागलात,” ती म्हणाली. “पण त्याला आधी बघू. कुठे भेटेल तो?”

मला पक्कं ठाऊक होतं. त्या दुपारी खप वाढल्याच्या आनंदात दिराने गावातल्या दुकानदारांना चहाला बोलावलं होतं. मॅनेजरही निघायच्या तयारीत होता. मी टेबलावर थाप मारून लोकांना म्हणाले की मला काय बोलायचं ते बोलून झालं असेल तर आपापली कुंडी उचला आणि माझ्याबरोबर चला, ही पावडर बनवणारा माणूस दाखवते. थोडे कुरकुरले, पण उठले. घड्याळवाले आजोबाही आले होते. पिंप काही उचलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी लिंबाची एक वाळकी फांदी मोडून आणली होती. मला ते काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

दिराच्या ऑफिसात खुर्च्या मांडल्या होत्या. दुकानदार कप हातात घेऊन बसले होते आणि दीर माझ्या माणसाएवढ्या फोटोखाली उभा राहून बोलत होता, विश्वास म्हणजे काय यावर. काचेचं दार उघडून आम्ही आत शिरलो. बायकांनी एकेक करून कुंड्या त्या पांढऱ्या फरशीवर ठेवल्या. कुणी जोरात ठेवल्या नाहीत, कुणी ओरडलं नाही. फरशीभर माती झाली आणि मधे काड्या उभ्या. दुकानदारांनी पाय वर घेतले.

दीर आधी हसला, मग माझ्याकडे बघितलं, आणि मी हसत नाही हे पाहून त्याचा रंग उतरला. पाणी जास्त झालं असेल, असं तो म्हणाला. ऊन कमी पडलं असेल. कीड असेल. खडूवाल्या बाईंनी टेबलावरचं पाकीट उचललं आणि मागची ओळ वर्गात वाचतात तशी मोठ्याने वाचली. दिराने त्यांच्या हातातून पाकीट घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा उलटं करून बघितलं. वाचायला त्याला फार वेळ लागला.

“हे जुनं आहे,” तो शेवटी म्हणाला. “चुकून राहिलंय. पुढच्या छपाईत ओळ काढून टाकतो.”

“आणि पान?” बाईंनी विचारलं.

पान राहील, असं तो म्हणाला. पान सगळेच लावतात, लोकांना ते लागतं. मग त्याने माझ्याकडे वळून अगदी घरच्या आवाजात म्हटलं, “वहिनी, सांगा ना यांना. तुमचं ऐकतील.”

सगळे माझ्याकडे बघू लागले, बायका, दुकानदार, मॅनेजर. अजूनही त्याला हेच हवं होतं, की मी पुढे व्हावं आणि त्याने मागे राहावं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्याला भाऊजी आणि तुम्ही म्हणत आले. त्या दिवशी ते माझ्या जिभेवर आलं नाही.

“ओळ काढायची नाही,” मी म्हणाले. “ती माझ्या नवऱ्याची आहे. पानही राहू दे. फक्त माझा फोटो काढ आणि त्या जागी तुझा छाप. मग पाकिटात काय भरायचं ते तुझं तू बघ.”

एक दुकानदार फसकन हसला. दीरही हसायला गेला. माझं तोंड बघून कोण घेणार वहिनी, असं काहीतरी तो म्हणू लागला. तेवढ्यात कोपऱ्यातून घड्याळवाले आजोबा उठले. हातातली फांदी पुढे धरून, कुंड्या चुकवत, ते आवाजाच्या रोखाने चालत आले.

“बिनधास्त घाला म्हणालात ते तुम्हीच,” ते म्हणाले. “आवाज विसरत नाही मी. चेहरा काही त्या दिवशी दिसला नव्हता. जरा उजेडात या, बघू दे.”

दीर एक पाऊल मागे सरला. खडूवाल्या बाईंनी पर्समधून फोन काढला होता. आणखी दोघीतिघींनी काढला. त्यातल्या एकीने त्याला अगदी सभ्यपणे सांगितलं की इकडे बघा, आमच्या गल्लीतल्या बायकांना पाठवायचाय, दुकानात काय घ्यायचं ते त्यांना ठरवता येईल. दिराची पाठ माझ्या मोठ्या फोटोला टेकली होती. पुढे कुंड्या, मधे आजोबा, समोर फोन. त्याच्या हातात अजून ते पाकीट होतं. त्याने ते उचलून तोंडापुढे धरलं.

पाकिटावर मी हसत होते. ओले हात, कपाळावरचे केस, नवऱ्याने काढलेला फोटो. त्याच्यामागे दिराचे नुसते कान दिसत होते.

एक दुकानदार उठला, आपला कप जपून खाली ठेवला आणि बाहेर गेला. त्याच्या मागोमाग मॅनेजर गेला. दीर तसाच उभा राहिला, माझ्या आड, जसा माझा नवरा गेल्यापासून रोज उभा होता. मी कुंड्यांमधून वाट काढत त्याच्यापाशी गेले. त्याने पाकीट इतकं घट्ट धरलं होतं की मला ते दोन्ही हातांनी ओढावं लागलं. पाकीट फाटलं, पावडर दोघांच्या अंगावर सांडली आणि त्याचं तोंड उघडं पडलं.

“हं,” मी बाजूला होत बायकांना म्हणाले, “आता काढा.”